आठ दिवसांची इटली ग्रुप टूर: काय आधी करायचं, काय नंतर

मी ग्रुप घेऊन इटलीला जाते. हल्ली ग्रुपमध्ये बावीस-पंचवीस वर्षांची, एकट्याने नाव नोंदवून आलेली मुलंमुली बरीच असतात. कुणी नुकतं नोकरीला लागलेलं, कुणाचं पदवीचं शेवटचं वर्ष. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिसचे सगळे व्हिडिओ त्यांनी पाहिलेले असतात, पण पासपोर्टवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव जुळतंय का, हे पाहायचं राहून गेलेलं असतं. चुका दरवेळी त्याच त्याच होतात. माहिती सगळ्यांकडे असते, कामांचा क्रम मात्र चुकतो. म्हणून इथे सगळं क्रमानेच सांगते. समोर धरलाय तो नेहमीचा मार्ग: तीन रात्री रोम, दोन फ्लॉरेन्सच्या बाजूला, दोन व्हेनिसजवळ.

## १. पैसे भरण्याआधी: टूरचा कागद ओळ न् ओळ वाचा
(निघण्याच्या चार-पाच महिने आधी)

आठ दिवसांतला पहिला आणि शेवटचा दिवस प्रवासातच जातो. हातात राहतात सहा. या सहा दिवसांत प्रत्येक ठिकाणापुढे काय लिहिलंय ते पाहा. ‘कलोसियम, फोटो स्टॉप’ म्हणजे बस थांबणार, तुम्ही बाहेरून फोटो काढणार आणि पुन्हा बसमध्ये. ‘प्रवेशासह’ असं स्पष्ट लिहिलं असेल तरच आत जायला मिळतं. ‘ओरिएन्टेशन टूर’ म्हणजे बसच्या खिडकीतून शहर दाखवणं.

मग कॅलेंडर घेऊन बसा. फ्लॉरेन्सची उफिझी गॅलरी आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड जिथे आहे ती अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद असतात. व्हॅटिकनची म्युझियम रविवारी बंद असतात. महिन्याचा शेवटचा रविवार त्याला अपवाद, पण त्या दिवशी प्रवेश फुकट असल्याने रांग फार मोठी लागते. तुमच्या टूरचा सोमवार आणि रविवार कुठे पडतोय, हे बुकिंगच्या आधी विचारा, नंतर विचारून काही बदलत नाही.

हॉटेल कुठे आहे तेही विचारा. ‘व्हेनिस’ असं लिहिलेलं हॉटेल बहुधा मेस्त्रेला, म्हणजे खाडीच्या अलीकडे जमिनीवर असतं. कधी पादुआ किंवा येसोलोलाही असतं. त्यात गैर काही नाही, फक्त रात्री सान मार्कोच्या चौकात फिरायचं मनात धरून आला असाल तर हिरमोड होईल.

एकटे जाणार असाल तर खोलीत दुसरं कोण असेल, ते ठरलंय का, आणि जोडीदार मिळाला नाही तर एकट्याच्या खोलीचे जादा पैसे कोण भरणार, याचं उत्तर लेखी घ्या.

थांबा, तपासा: टिप, हॉटेलमध्ये दर रात्री द्यावा लागणारा पर्यटन कर, व्हेनिसमधली बोट आणि दुपारचं जेवण, या चार गोष्टी पॅकेजमध्ये आहेत की नाहीत? नसतील तर तेवढी रक्कम आत्ताच वेगळी काढा.

एक बारीक गोष्ट, जी बहुतेकांना नंतर कळते. परदेशी टूरच्या पैशांवर कंपनी टीसीएस, म्हणजे आयकरापोटी आगाऊ रक्कम, घेते. तो ज्याचा पॅन दिला असेल त्याच्या नावावर जमा होतो आणि रिटर्न भरल्यावर समायोजित होतो किंवा परत मिळतो. पैसे बाबांनी भरले आणि पॅन तुमचा दिला, तर रिटर्न तुम्हाला भरावं लागेल. हे घरी आधी ठरवा.

## २. पासपोर्ट
(व्हिसाच्या किमान महिनाभर आधी)

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, पासपोर्टच्या तीन अटी आहेत. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा, तुम्ही युरोपातून निघाल त्यानंतर किमान ३ महिने तो चालू असायला हवा आणि त्यात किमान २ कोरी पानं हवीत. टूर कंपन्या सहा महिने मागतात, तेवढे असलेले बरे.

तरुण मुलांचा पासपोर्ट बऱ्याचदा शाळेत असताना काढलेला असतो. वयाच्या अठराच्या आत काढलेल्या पासपोर्टची मुदत कमी असू शकते, त्यामुळे तारीख स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. ‘अजून आहे’ हे आईचं वाक्य पुरेसं नाही.

आता नाव. आपल्याकडे पासपोर्टवर बहुधा स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात येतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. बुकिंग करताना मुलं वडिलांचं नाव गाळतात, किंवा इन्स्टाग्रामवर वापरतात ते नाव देतात. विमान तिकीट, विमा आणि व्हिसाचा फॉर्म, सगळीकडे पासपोर्टमधलंच नाव, त्याच स्पेलिंगने, त्याच क्रमाने जायला हवं. कलोसियमचं तिकीटही नावाचं असतं आणि दारात ओळखपत्राशी ताडून पाहतात.

सावधान: पासपोर्ट नवा करायचा असेल तर तो हातात येईपर्यंत बुकिंगला जुना नंबर देऊ नका. नंबर बदलला की विम्यापासून व्हिसापर्यंत सगळीकडे दुरुस्ती करत बसावं लागतं.

## ३. व्हिसाची फाइल

अर्ज निघण्याच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. एप्रिल-मेमध्ये निघणाऱ्यांनी हा ४५ चा आकडाच धरून चालावं, कारण सुट्टीच्या हंगामात अपॉइंटमेंट मिळणंच अवघड असतं. मोठ्यांसाठी फी ९० युरो, अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा सेवाआकार वेगळा. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही.

फाइल या क्रमाने लावा:

१. फॉर्म, सही केलेला.
२. पासपोर्ट, आणि जुने असतील तर तेही.
३. फोटो, ३५ बाय ४५ मिलिमीटर, फिकट पार्श्वभूमीचा, ताजा. आधारसाठी काढलेला जुना फोटो चालत नाही.
४. प्रवासाचं कारण सांगणारं एक पानी पत्र.
५. बँकेचं स्टेटमेंट, बँकेच्या सहीशिक्क्यासह.
६. नोकरी असेल तर पगाराच्या स्लिपा आणि रजा मंजूर झाल्याचं ऑफिसचं पत्र. शिकत असाल तर कॉलेजचं बोनाफाइड, खर्च उचलणाऱ्या पालकांचं पत्र आणि त्यांची आयकर रिटर्न.
७. विमा, किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा.
८. विमान, हॉटेल आणि रोजचा कार्यक्रम. हे टूर कंपनी देते.

सगळ्यात जास्त घोटाळा पाचव्या कागदात होतो. खात्यात कमी पैसे आहेत म्हणून अर्जाच्या चार दिवस आधी काकांकडून दोन लाख घेऊन भरतात. तपासणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. पैसे पालकांचे असतील तर तसं सरळ लिहा आणि त्यांचं स्टेटमेंट जोडा. खरी गोष्ट सांगितलेली फाइल मजबूत असते.

दुसरी चूक रजेच्या पत्रातली. टूर ३ ते १० तारखेची आणि रजा ४ पासून, असं मी पाहिलंय. तारखा एका कोऱ्या कागदावर लिहून घ्या आणि प्रत्येक कागद त्यांच्याशी ताडून पाहा.

बोटांच्या ठशांसाठी स्वतः जावं लागतं. आदल्या दिवशी मेंदी काढू नका. दिलेले ठसे साधारण पाच वर्षं वापरता येतात.

थांबा, तपासा: पासपोर्ट परत आला की पाकीट त्याच दिवशी उघडा. नाव, पासपोर्ट नंबर, व्हिसाच्या दोन्ही तारखा आणि राहण्याचे दिवस पाहा. पोहोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस त्यात मोजले जातात. व्हॅटिकन वेगळं राष्ट्र असलं तरी तिथे जाताना सीमेवर तपासणी नसते, त्यामुळे एकाच प्रवेशाचा व्हिसा पुरतो.

## ४. पैसे आणि फोन
(निघण्याच्या आठवडाभर आधी, घरून)

फॉरेक्स कार्ड (आधी युरो भरून न्यायचं कार्ड) घ्या, थोडे रोख युरो घ्या आणि एक दुसरं कार्ड बॅगेत वेगळ्या जागी ठेवा. बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर बंद असतो, तो घरीच सुरू करा. रोमला पोहोचून ओटीपीची वाट पाहू नका. बँकेला जोडलेलं सिम फोनमध्ये चालू राहील अशी रोमिंगची सोय करा, इंटरनेटला ई-सिम वेगळं घेतलं तरी चालेल.

दुकानात मशीन विचारतं, पैसे रुपयांत कापू की युरोंत? नेहमी युरो निवडा. रुपये निवडले तर दर ते ठरवतात, आणि तो तुमच्या फायद्याचा नसतो.

५० सेंट आणि १ युरोची नाणी मिळतील तशी साठवा. हायवेवरच्या आणि स्टेशनवरच्या स्वच्छतागृहांना अनेकदा तीच लागतात.

## ५. बॅग भरणे

आधी बूट. रोमचे जुने रस्ते छोट्या काळ्या दगडांचे आहेत, वर गुळगुळीत, मध्ये फटी. नवे कोरे बूट घालून आलेल्यांच्या टाचा दुसऱ्या दिवशी सोललेल्या असतात. बूट तीन आठवडे आधी घ्या आणि रोज घालून चाला.

मग एक ओढणी किंवा पातळ स्टोल, मुलग्यांनी एक पूर्ण पँट. सेंट पीटर्स बॅसिलिकात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. दारातून परत पाठवतात, विनवण्या चालत नाहीत.

खाण्याचं. मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तूप, खव्याची पोळी घरीच. ताजी फळंही नाहीत. केळी, नारळ, अननस असे मोजकेच अपवाद आहेत. मे महिन्यात कुणीतरी नातेवाइकांसाठी हापूस घेऊन येतंच, आणि ते आंबे विमानतळावर कचऱ्यात जाताना पाहवत नाही. चिवडा, चकली, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. चटणी सामानाच्या बॅगेत टाका.

पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत. औषधं मूळ पट्टीत, चिठ्ठीसह. वीजदाब आपल्यासारखाच आहे, पण आपली तीन पिनांची जाड वायर तिथल्या भिंतीत जात नाही. एक अडॅप्टर पुरे.

सावधान: मोठी बॅग स्वतःला उचलून दोन जिने चढता येईल एवढीच भरा. का, ते व्हेनिसमध्ये कळेल.

## ६. निघायचा दिवस

विमानतळावर तीन तास आधी. परतीचं तिकीट, हॉटेलचे कागद आणि विमा छापून हातातल्या बॅगेत ठेवा. उतरल्यावर अधिकारी विचारतात किती दिवस, कुठे राहणार. उत्तर एका वाक्यात द्या. ‘टूर मॅनेजरला माहीत आहे’ हे उत्तर नव्हे, पहिल्या हॉटेलचं नाव तुम्हाला पाठ हवं.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर टप्प्याटप्प्याने शिक्क्याऐवजी डिजिटल नोंद सुरू झाली. चेहऱ्याचा फोटो घेतात, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यांना वेळ जास्त लागू शकतो. रांगेत लागण्याआधी पाणी पिऊन, स्वच्छतागृहात जाऊन या.

## ७. तिथले सहा दिवस

### बसचं घड्याळ

हे समजलं तर निम्मी भांडणं टळतील. युरोपात बसचालकाच्या तासांना कायदा आहे: दिवसाला साधारण ९ तास चालवणं, साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं विश्रांती, रात्री साधारण ११ तास सलग आराम. हे सगळं बसमधल्या यंत्रात नोंदलं जातं. चालक घाई करतो तेव्हा तो उद्धटपणा करत नसतो. त्याची वेळ संपली की बस हलवणं त्याला शक्यच नसतं.

आणि बस शहराच्या मध्यात येत नाही. बाहेर सोडते आणि तिथूनच घेते. म्हणून रोज सकाळी तीन गोष्टी कागदावर लिहा, फोनवर नाही: भेटायच्या जागेचं पूर्ण नाव, वेळ, टूर मॅनेजरचा नंबर.

एकदा फ्लॉरेन्समध्ये मी सांगितलं होतं, दीड वाजता सांता क्रोचे चर्चच्या पायऱ्यांवर, दान्तेच्या पुतळ्यापाशी. एक मुलगा नव्हता. दीडचे दोन झाले, त्याचा फोन बंद. दोन मुलांना पुतळ्यापाशी थांबवून मी धावत ड्युओमोपाशी गेले, तर तो तिथे, पांढऱ्या-हिरव्या संगमरवराच्या त्या प्रचंड भिंतीसमोर, उन्हात ताठ उभा. जागचा हलला तर चुकामूक होईल म्हणून तासभर तिथून हललाच नव्हता. त्याने फक्त ‘चर्चसमोर’ एवढंच ऐकलं होतं, आणि फ्लॉरेन्समधलं सगळ्यात मोठं चर्च गाठलं होतं. फोनची बॅटरी फोटो काढण्यात संपली होती. त्या दिवशी पुढे पिसा होतं. मनोऱ्यावर चढायचं तिकीट ठरल्या वेळेचं असतं, ती वेळ गेली, आणि हौसेने ते तिकीट काढलेल्या दोन मुली खालीच राहिल्या. तो मुलगा बसमध्ये रडला. चूक माझीही होती. तेव्हापासून मी जागेचं नाव प्रत्येकाकडून लिहून घेते.

### रोम

१. सकाळी लवकर व्हॅटिकन म्युझियम, मग सिस्टीन चॅपल. चॅपलमध्ये फोटो काढायला बंदी आहे आणि बोलायलाही. कानातलं गाइडचं यंत्र आत जाण्याआधी चालतंय ना, पाहा.

२. कलोसियमच्या दिवशी पासपोर्ट अंगावर, कपड्यांच्या आतल्या पाऊचमध्ये. काचेची बाटली आणि मोठी सॅक आत नेता येत नाही.

३. पाण्याची बाटली विकत घेऊ नका. रस्त्यारस्त्यावर नाझोने नावाचे लोखंडी नळ अखंड वाहत असतात, पाणी पिण्याचं आणि थंड असतं. खालचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंज्यासारखी धार येते. पुण्या-मुंबईची मुलं ते पाणी प्यायला आधी बिचकतात, दुसऱ्या दिवशी तिथेच रांग लावतात.

४. स्पॅनिश स्टेप्सवर बसू नका, दंड आहे. त्रेव्हीच्या कारंज्यात पाय घालणंही तसंच.

सावधान, खिसेकापू: मेट्रोचं दार बंद होता होता होणारी गर्दी, तेर्मिनी स्टेशन आणि व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस. कुणी मनगटाला धागा बांधायला आलं, गुलाब दिलं, सहीसाठी कागद पुढे केला, तर हात मागे घ्या आणि चालत राहा. हॉटेलच्या टेबलावर फोन ठेवून गप्पा मारू नका. रस्त्यावर चादर पसरून विकलेल्या नकली ब्रँडच्या पर्स घेऊ नका, दंड विकत घेणाऱ्यालाही होतो.

### खाणं

कॉफी काउंटरवर उभं राहून प्या. टेबलावर बसलात की तीच कॉफी महाग होते. बिलात ‘कोपेर्तो’ दिसेल, ती बसण्याची माणशी रक्कम आहे, फसवणूक नाही. शाकाहारी मुलं ‘मारिनारा’ पिझ्झा मासळीचा समजून टाळतात. त्यावर टोमॅटो, लसूण आणि ओरेगानो असतं, मासा नाही. उलट पार्मेझान चीज गायीच्या वासराच्या पोटातल्या द्रव्याने विरजलेलं असतं. कडक शाकाहारी असाल तर ते टाळा. भाज्यांच्या सुपातही मांसाचा अर्क असू शकतो, विचारून घ्या.

### फ्लॉरेन्स आणि पिसा

गटापासून सुटून लोकल ट्रेनने जाणार असाल तर कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारा. तिकीट काढलेलं असूनही शिक्का नाही म्हणून दंड भरणारे दर टूरमध्ये भेटतात. पिसाच्या मनोऱ्यावर पर्स-सॅक नेता येत नाही, खाली ठेवायला दहा मिनिटं हाताशी ठेवा.

### व्हेनिस

आत गाड्या नाहीत. चारशेहून जास्त पूल, आणि बहुतेकांना पायऱ्या. मुक्काम आत असेल तर जड बॅग प्रत्येक पुलावर उचलावी लागते. मुक्काम मेस्त्रेला असेल तर बॅग हॉटेलवर ठेवून फक्त पाठीवरची पिशवी घ्या.

वर्षातल्या ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्यांना प्रवेशशुल्क भरावं लागतं. मेस्त्रे व्हेनिसच्याच पालिकेत येतं, म्हणून तिथे राहणाऱ्यांना ते माफ आहे, पण सवलतीची नोंद ऑनलाइन करून क्यूआर कोड जवळ ठेवावा लागतो. पादुआ किंवा येसोलोला राहणाऱ्यांना मात्र शुल्क भरावं लागतं. कंपनीने ते केलंय का, आदल्या रात्री विचारा.

वापोरेत्तो बोटीचं साधं तिकीट ७५ मिनिटं चालतं. कबुतरांना दाणे टाकणं आणि सान मार्कोच्या पायऱ्यांवर बसून डबा खाणं, दोन्हीला मनाई आहे. गल्ल्यांत हरवलात तर भिंतीवरच्या पिवळ्या पाट्या बघा, ‘रिआल्तो’ किंवा ‘सान मार्को’ लिहिलेला बाण धरून चाला.

## ८. काही हरवलं तर

पासपोर्ट गेला तर घरी फोन नंतर, टूर मॅनेजरला आधी. मग पोलिसांत तक्रार आणि तिची प्रत, मग भारतीय दूतावास. रोममध्ये दूतावास आहे, मिलानमध्ये वाणिज्य दूतावास. तक्रारीची प्रत, पासपोर्टची झेरॉक्स आणि दोन फोटो असतील तर भारतात परतण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळू शकतं. म्हणून झेरॉक्स आणि फोटो पासपोर्टपासून वेगळ्या बॅगेत ठेवा. कार्ड गेलं तर ॲपमधून लगेच बंद करा. तब्येत बिघडली तर ११२. शक्य असेल तर दवाखान्यात पैसे भरण्याआधी विम्याच्या नंबरवर फोन करून दावा नोंदवा.

## ९. परतीचा दिवस

एकाच दुकानात एकाच वेळी ७० युरोंपेक्षा जास्त खरेदी केली असेल तर करपरतावा मागता येतो. दुकानातच पासपोर्ट दाखवून फॉर्म घ्यावा लागतो, नंतर मिळत नाही. विमानतळावर क्रम असा: आधी परताव्याची नोंद, मग बॅग देणं. उलटं केलं आणि कस्टमने वस्तू दाखवायला सांगितली, तर ती बॅगेसकट गेलेली असते. वस्तूंवरचे टॅग काढू नका, त्या बॅगेच्या वरच्या थरात ठेवा आणि ग्रुपच्या ठरल्या वेळेच्या तासभर आधी विमानतळावर कसं पोहोचता येईल, ते आदल्या रात्रीच टूर मॅनेजरशी बोलून घ्या.